डावा रकाना

१४ ऑक्टोबर, शनिवार

सोफियाहून ल्युबेनचा फोन. चौथा खंड डिसेंबरअखेर हातात हवा म्हणजे हवाच. तीन ड्रॅगन, दोन गाद्या आणि एक आंधळी राणी एवढ्यांचा निकाल लावायचा राहिलाय, पण माझ्या या प्रकाशकाला त्यातल्या कुणाचीच पडलेली नाही. त्याला फक्त कारकून हवा. "वाचकांनी कौल दिलाय, वेलिना. सहाशेंना तो फासावर हवाय. तीनशेंना जिवंत जाळलेला." मी म्हटलं, "दया कुणालाच आली नाही?" "सात जणांना आली. सरकारी नोकर असतील."

गंमतच आहे. तिसऱ्या खंडात हा कारकून जेमतेम चाळीस पानं येतो. ओरवानच्या राजाचं फर्मान निघतं, की डोंगरातल्या सेल्वे लोकांनी आपली नावं टाकून ओरवानी नावं घ्यावीत. भर बर्फात त्यांना खाली आणतात आणि एकेकाला टेबलापुढे उभं करतात. टेबलामागे हा बसलेला. मारत नाही, शिवी देत नाही. नुसतं विचारतो, "काय नाव लिहू?" आणि वाचकांना राजापेक्षा याचाच राग जास्त.

जेवताना बाबांना सांगितलं. सध्या ते चौथ्या खंडाचा नकाशा करतायत. म्हणजे डोंगर-नद्या मी पेन्सिलीनं काढते आणि गावांची नावं ते टाकानं लिहितात. वय ऐंशी, पण तसं अक्षर आख्ख्या जिल्ह्यात नाही. त्यांनी विचारलं, "मग काय करणार त्याचं?" मी म्हटलं, "शाईत बुडवून मारते." हसले नाहीत. सूपमधला घेवडा चमच्यानं बाजूला करत बसले आणि म्हणाले, "मारणं सोपं असतं गं." म्हातारपणी माणसं खलनायकांच्या बाबतीतही मऊ होत असावीत.

२१ ऑक्टोबर, शनिवार

एका मासिकाने प्रश्न पाठवलेत. पहिला नेहमीचाच: हे जग तुम्हाला कुठे सापडलं? मीही नेहमीचं उत्तर लिहिलं. बाबांकडून. पंच्याऐंशी साल उजाडत होतं, मी सहा वर्षांची होते. रोज संध्याकाळी वीज जायची. आई इस्पितळात पाळीवर. बाबा कामावरून येत, कोटही न काढता माझ्या पलंगावर बसत आणि डोंगरातल्या लोकांची गोष्ट सांगत. रोज एक नवा माणूस. एक गिरणीवाला, जो तोंडच उघडत नाही. एक आजी, जी म्हणते, काहीही लिही बाबा, मी बहिरीच आहे. दोन आठवडे हे चाललं. मग एके दिवशी म्हणाले, संपल्या गोष्टी. मी किती रडले, तरी पुढे एक सांगितली नाही. तंबाखूच्या गोदामात पोत्यांची नोंद ठेवणाऱ्या माणसाकडे एवढं भांडार कुठून आलं, देव जाणे.

एक मात्र मासिकाला कळवलं नाही. थंडीत लिहायला बसण्याआधी बाबा शाईची बाटली शर्टाच्या आत, छातीशी धरून बसतात, शाई पातळ व्हावी म्हणून. ती सवय मी चोरून कारकुनाला दिली. तिसरा खंड त्यांनी दोनदा वाचला, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मोठ्या मनाचा माणूस.

१ नोव्हेंबर, बुधवार

आज देशाला जागं करणाऱ्या गुरुजनांचा दिवस, शाळेला सुट्टी. वाचनालयात माझं वाचन होतं. खुर्च्या चाळीस, माणसं एकतीस, त्यातली निम्मी माझे माजी विद्यार्थी, आयांनी ढकललेले. वाचून झालं आणि पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक उठले. "सेल्वे म्हणजे आपण. पाचशे वर्षं सुलतानाखाली हेच भोगलं आपण. कारकून तुर्कांचा." टाळ्या. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं: "मी इतिहास शिकवते. इतिहास कुठे संपतो आणि माझे ड्रॅगन कुठे सुरू होतात, ते मला पक्कं ठाऊक आहे." त्यालाही टाळ्या. मी खूश.

सह्या देताना शेवटी एक बाई राहिली. राखाडी कोट, माझ्याच वयाची. बल्गेरियन आमच्याकडचीच, पण वापर नसल्यासारखी. पुस्तक तिनं पुढे केलंच नाही. म्हणाली, "बाई, शाईची बाटली शर्टात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिचं नाव रेस्मिये. वरच्या खेड्यातली. एकोणनव्वद साली इथले तुर्क निघाले तेव्हा कुटुंब तुर्कस्तानात, बुर्साला गेलं, ते गेलंच. त्याआधीच्या त्या हिवाळ्यात, सरकारनं तुर्कांची नावं बदलली तेव्हा, ती नऊ वर्षांची होती. आईचा घागरा धरून टेबलापुढे उभी. "कारकुनानं शर्टातून बाटली काढली. मला म्हणाला, रुम्याना घे, पहिलं अक्षर तरी तेच राहील. हेही तुमच्या पुस्तकात आहे." आहे खरं. माझा कारकून सगळ्यांचं पहिलं अक्षर राखतो आणि मनात म्हणतो, एवढं तरी भलं केलं.

आईच्या कडेवर तेव्हा अकरा दिवसांची पोर होती. आठ दिवसांनी ती न्यूमोनियानं गेली. आईनं त्यानंतर तिचं नाव तोंडातून कधी काढलं नाही. बाप तुरुंगात होता, त्याला तर पोर दिसलीही नाही. या वसंतात आई गेली. जाताना एवढंच बोलली, "मी कारकुनाला तिचं नाव सांगितलं होतं. मोठ्यानं सांगितलं होतं. त्याला विचारा."

"तुमच्या पुस्तकात सेल्वे आई बाळाचं नाव सांगते, सर्निया, आणि कारकून ते लिहीत नाही. ते नाव कुठून आणलंत, बाई? बहिणीच्या कबरीवर दगड नाही. एवढ्यासाठी आलेय. कारागीर थांबलाय."

तिनं मृत्यूच्या दाखल्याची प्रत दाखवली. वेलिना आसेनोवा, वय १९ दिवस. मी म्हटलं, "बघा ना, माझंच नाव. त्या वेळी फारच चलती होती त्याची." तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बाबांना विचारते म्हणाले. गोष्टी त्यांच्या आहेत.

४ नोव्हेंबर, शनिवार

पितरांचा शनिवार. शिजवलेले गहू घेऊन आईच्या कबरीवर गेलो. तिथेच बाबांना विचारलं, "गोष्टीतल्या त्या बाळाचं नाव, सर्निया, तुम्ही कुठे ऐकलेलं का?" त्यांनी हातातला गव्हाचा पेला खाली ठेवला. "आठवत नाही." मी सांगायला लागले, कोण बाई आली, काय म्हणाली. "आठवत नाही म्हटलं ना." तिसऱ्यांदा तेच म्हणाले, तेव्हा ते कुंपणापलीकडे बघत होते, चढावर तुर्की कबरी आहेत तिकडे. मग म्हणाले, थंडी वाजतेय, घरी चल.

एकसष्ट सालच्या फुटबॉल सामन्यात गोल कुणी केला ते आठवतं. हे आठवत नाही. आपल्या सोयीचा विसराळूपणा, दुसरं काय. बाई एवढ्या लांबून आली आहे. पुढच्या शनिवारी घरी कॉफीला बोलावलं आहे तिला.

११ नोव्हेंबर, शनिवार

माणसं अशी कशी वागतात कळत नाही.

रेस्मिये चारला आली. हातात मिठाईचा डबा. बाबा कोट घालून, दाढी करून बसलेले. फार बोलले नाहीत, पण सभ्य वागले. मी कॉफी करायला आत गेले. बाहेरून बाबांचा आवाज ऐकू आला. पाहुण्यांना ते नेहमी माझ्या पुस्तकावर सुंदर अक्षरात नाव घालून देतात, तसंच म्हणाले, "द्या, लिहून देतो. काय नाव लिहू?" पुढे काहीच ऐकू आलं नाही. कॉफीला फेस आला, मी ट्रे घेऊन बाहेर आले, तर बाई कोट घालून दारात. बटणं चुकीच्या काजात. "माझी बस आहे." त्या वेळेला कुठलीच बस नसते. मी म्हटलं, "अहो, कॉफी तरी." ती माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली.

बाबा तसेच बसलेले, हातात शाईची बाटली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच अक्षर: र.

बुर्सात एखाद्याच्या घरी गेल्यावर असंच वागत असतील. मिठाई मात्र छान होती.

१३ नोव्हेंबर, सोमवार

बाबा उठले नाहीत. पोट दुखतंय म्हणतात. ताप नाही. लिंडनच्या फुलांचा चहा करून दिला, तो तसाच गार झाला. नकाशा टेबलावर पडून आहे. अकरा गावं बिननावाची.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

रेस्मिये शाळा सुटल्यावर आली. म्हणाली, तुमच्या व्यायामशाळेत दोन मिनिटं येता? मुलं बास्केटबॉल खेळत होती. ती भिंतीकडेच्या शिडीपाशी जाऊन उभी राहिली. "टेबल इथे होतं. रांग त्या दारातून. शिपाई तिथे." मग म्हणाली, "बाई, ते तुमचे वडील होते."

मी हसले, लाज वाटते आता. "माझे वडील तंबाखूच्या गोदामात होते." "असतील. पण ते दोन आठवडे इथे होते. आवाज तोच, प्रश्न तोच. छातीशी धरलेली बाटलीही तीच." "तसा प्रश्न कुणीही विचारतो," मी म्हणाले, आणि जोरात म्हणाले. मुलं थांबून बघायला लागली. तिनं पर्स उघडली आणि तो दाखला पुन्हा माझ्यापुढे धरला. माझं नाव. या वेळेला मात्र मी चलतीबद्दल बोलले नाही.

बावीस वर्षं मी या व्यायामशाळेत उभी राहून मुलांना रांगेत लावते. पाठ्यपुस्तकात त्या हिवाळ्यावर दीड ओळ आहे. दर वर्षी मे महिन्यात दोन मिनिटांत ती उरकते, कारण तोवर परीक्षा आलेली असते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

लिहून काढते, नाहीतर उद्या मीच त्याची गोष्ट करीन.

पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. बहुधा वाटच बघत होते.

"गोदामातून मला पंधरा दिवस मागून घेतलं. अक्षर चांगलं म्हणून."

"नाही म्हणता आलं नसतं?"

"आलं असतं. दोघं म्हणाले. एकाची नोकरी गेली. दुसऱ्याला काहीच झालं नाही."

हे न विचारता सांगितलं त्यांनी. लपवता आलं असतं.

"मला वाटलं, वेलिना, माझ्या जागी दुसरा बसला तर तो पहिलं अक्षरसुद्धा ठेवणार नाही. मी प्रत्येकाला दोन-तीन नावं वाचून दाखवायचो. चांगली बघून." मग बाळाबद्दल बोलले. वहीत दोन रकाने होते. डाव्यात जुनं नाव, उजव्यात नवं. बाळाची आधी नोंदच नव्हती, म्हणून नियमानं डावा रकाना रिकामा. "आईनं नाव सांगितलं. दोनदा. मी ऐकलं, आणि लिहिलं नाही. नियम नव्हता. उजव्यासाठी ती एकही नाव घेईना. शिपाई ओरडायला लागला, पोर रडायला लागली. मग मी आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं नाव दिलं तिला."

मी म्हटलं, "माझं."

"माझ्याकडे दुसरं कुठलं होतं?"

"आणि तिचं कोणतं होतं, बाबा?"

ते भिंतीकडे वळले. खांदे हलत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "गेलं. नऊशे बारा नावं लिहिली. निम्मी अजून सांगतो तुला, डावी-उजवी दोन्ही. ते एक गेलं. त्याच संध्याकाळी गेलं. तुला गोष्ट सांगत होतो, त्या नावापाशी आलो आणि तोंडात येईना. म्हणून तुलाच विचारलं, काय असेल गं त्या बाळाचं नाव? तू म्हणालीस, सर्निया. तुझ्या पलंगावर ते चित्र होतं."

आठवलं. हरिणीचं चित्र. हरिणीला आम्ही सर्ना म्हणतो.

मग डोळे पुसून ते म्हणाले, "तिला सांग, तेच होतं. आई तेच म्हणाली होती, सांग. कुणाचं काय जातं? दगड होईल, पोरीचं मन शांत होईल. मी कितीसा जगणार आहे?"

मी हो म्हणाले. खरं तेच लिहायचं तर, मी हो म्हणाले.

२० नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस मनाशी घोळवतेय. सांगितलं की ती रडेल, माझे हात धरेल, बुर्साला जाऊन भावांना सांगेल. बाबा उठून बसतील. कुणालाच काही लागणार नाही.

फक्त ती पोर दुसऱ्यांदा आमच्या घरातलं नाव घेऊन झोपेल. एकदा बापानं दिलेलं, आता लेकीनं. तेसुद्धा भलं करायचं म्हणून. एवढं एक डोक्यातून जात नाही.

बाबांना सांगितलं, मी खरं सांगणार. त्यांनी मला इतकंच विचारलं, "माझ्यासाठीसुद्धा नाही?"

२२ नोव्हेंबर, बुधवार

रेस्मियेनं दगडाच्या कारखान्यात बोलावलं होतं. मला वाटलं, अजून काही सुरू झालेलं नसेल. पोहोचले तर दगड तयार. पांढरा, गुडघ्याएवढा. वर कोरलेलं: सर्निया. ती म्हणाली, "तुमच्या निरोपापर्यंत धीर निघाला नाही. पुस्तकात छापलेलं आहे म्हटलं, खोटं कसं असेल? कसा झालाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं: वही, रिकामा रकाना, बाबांचं विसरणं, माझं वय, ते चित्र. कारागिरानं हातातलं काम थांबवलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

"म्हणजे हे आईनं सांगितलेलं नाही."

"नाही."

"आणि आईनं सांगितलेलं कुणालाच ठाऊक नाही."

"नाही."

ती दगडापाशी उकिडवी बसली. अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मी काहीतरी बोलायला गेले, क्षमा वगैरे. तिनं हात वर केला, नको म्हणून. मग कारागिराला म्हणाली, "दादा, हे काढून टाका."

तो म्हणाला, "बाई, खोल गेलंय. घासलं तरी खळगा राहणार. बोटाला लागेल."

"राहू दे. आमच्या आजोबांच्या दगडावरही आहे तसाच. त्याच हिवाळ्यात घासला होता तुमच्या लोकांनी." मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तेव्हा माणसं पाठवावी लागली होती. आज मी स्वतः सांगतेय बघा. तुम्ही जा, बाई."

फाटकापर्यंत आले आणि मागे यंत्र सुरू झालं.

३ डिसेंबर, रविवार

अकरा दिवसांनी वही उघडली.

सकाळी ल्युबेन. कारकुनाचं काय ठरलं? मी म्हटलं, तो जगतो. "म्हणजे? कुठे?" "घरी. त्याला एक मुलगी आहे. ती त्याला जेवायला घालते." तो म्हणाला, "आणि शिक्षा?" मी म्हटलं, लिहिली की पाठवते. आता मात्र वाचनालयातलं ते वाक्य मला जन्मात पुन्हा म्हणता यायचं नाही.

बाबा आता उठून टेबलाशी बसतात. लिहीत नाहीत. आम्ही मीठ द्या, खिडकी लावा एवढंच बोलतो. आज चढावर जाऊन आले, त्यांना न सांगता. दगड लावला आहे. दोन तारखा, खाली आईचं नाव, झेकिये. वरती हाताच्या पंजाएवढा खळगा. त्यात पाणी साचून गोठलं होतं. रेस्मिये गेली, असं कुंपणापाशी भेटलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं.

घरी आले तर बुटांचा चिखल बघूनच त्यांना कळलं. "काय लिहिलंय?"

"तारखा. आईचं नाव."

"आणि तिचं?"

"काही नाही, बाबा. ती जागा रिकामी आहे."

ते टेबलावर डोकं टेकून रडायला लागले, लहान मुलासारखे, आवाज करून. याच माणसानं अंधारात कोटासकट माझ्या उशाशी बसून मला गोष्टी सांगितल्या. जगात मला यांच्याइतकं दुसरं कुणीच जवळचं नाही, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पाठीवर ठेवायला हात पुढे केला. झेकियेनं दोनदा मोठ्यानं सांगितलं होतं, ते आठवलं, आणि हात मागे आला.

घेवडा गरम करून त्यांच्यापुढे ठेवला. मी आत उभ्यानंच जेवले.